दालमिलला जादा पट्टा असतो, मग हिशेबाला जादा डिस्क का नसते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विजेच्या लपंडावावर आपल्या पत्रव्यवहारात वर्षभर लिहून येते. मोटार जळाली, डीपी पंधरा दिवस बदलली नाही, पिठाची गिरणी बंद राहिली, हे छापून येते आणि यायलाच हवे. पण आडत दुकानातला, कृषी सेवा केंद्रातला, जिनिंगमधला, पतसंस्थेतला संगणकही त्याच विजेवर चालतो. त्याच्या पोटातली हार्ड डिस्क बसली की उधारीची खतावणी, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, बारदान्याचा हिशेब आणि जीएसटीची बिले एका सकाळी दिसेनाशी होतात. यावर सहसा कुणी लिहीत नाही. ‘कंपनीचा मालच खराब निघाला’ असे म्हणून लोक नवी डिस्क घेतात आणि ती पुन्हा त्याच बोर्डावर, त्याच यूपीएसवर लावतात.

दालमिलचा मालक बेअरिंग आवाज करायच्या आधी बदलतो आणि जादा पट्टा भिंतीला टांगून ठेवतो. पट्टा तुटणारच हे त्याला ठाऊक असते. डिस्कही तशीच झिजणारी, वेळ झाली की बदलायची वस्तू आहे. संगणक दहा वर्षे टिकला म्हणून त्यातली डिस्क दहा वर्षांची असते असे नाही. पत्र थोडे लांबणार आहे, कारण किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरच इथे सगळे अडते.

आधी खोक्यावरच्या आकड्याबद्दल. डिस्कच्या माहितीपत्रकावर ‘एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) १० लाख तास’ असे लिहिलेले असते. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षे, तेव्हा आपल्या हयातीत काही होत नाही, असा अर्थ लोक काढतात. त्या आकड्याचा अर्थ वेगळा आहे. अशा १००० डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर त्यांतल्या सुमारे ९ जातील, तेही स्वच्छ वीज, नेमके तापमान आणि वॉरंटीच्या काळातले वय असेल तर. प्रत्यक्षात प्रमाण याहून जास्त असते. अमेरिकेतली बॅकब्लेझ ही कंपनी २०१३ पासूनची आपल्या डिस्कची आकडेवारी जाहीर करते. वातानुकूलित डेटा सेंटरमध्येही वर्षाला साधारण शंभरात एक ते दोन डिस्क जातात. ५०० दुकानांच्या मार्केट यार्डात दर दुकानी एक संगणक धरला, तर सगळे आलबेल असतानाही वर्षाला पाच ते दहा दुकानांचा हिशेब जाणार. आपल्याकडे सगळे आलबेल कधी असते?

आता वीज. लाईट गेली की दोन वेगवेगळी नुकसाने होतात, आणि ती वेगळी ओळखायला हवीत. पहिले नुकसान डेटाचे. बिल ‘सेव्ह’ केले तरी ते लगेच डिस्कवर उमटतेच असे नाही. काही क्षण ते संगणकाच्या आणि डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. तेवढ्यात वीज गेली तर फाइल अर्धी लिहिलेली राहते आणि टॅलीसारखा हिशेबाचा प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी कंपनी (म्हणजे दुकानाची खाती) उघडताना चूक दाखवतो. इथे डिस्क धडधाकट असते, डेटा मोडलेला असतो. टॅलीप्राइममध्ये आल्ट+वाय दाबून ‘रिपेअर’ करता येते, पण त्याआधी त्या कंपनीचे आख्खे फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवावे. दुरुस्ती करताना प्रोग्रॅम मोडलेल्या नोंदी टाकून देऊ शकतो. कॉपी नसेल तर टाकलेले परत मिळत नाही.

दुसरे नुकसान यंत्राचे. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारी सुई त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतराने तरंगते. वीज तुटली की फिरणाऱ्या तबकड्यांचाच वेग वापरून ती सुई घाईने जागेवर ओढली जाते. नेहमीच्या ‘शटडाउन’पेक्षा यात झीज जास्त. दिवसात चार वेळा लाईट जाते तिथे वर्षभरात याची संख्या हजारावर जाते, आणि डिस्क ती संख्या स्वतः लिहून ठेवते. ती कशी पाहायची ते पुढे सांगतो.

‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे’ हे उत्तर नेहमी मिळते. घरगुती इन्व्हर्टरच्या पाठीमागे बहुधा एक बटण असते: एकीकडे ‘नॉर्मल’, दुसरीकडे ‘यूपीएस’. नॉर्मलवर ठेवला तर वीज गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला पंख्या-बल्बाला चालेल इतका, म्हणजे तीस-चाळीस मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. संगणकाचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) चांगला असला तरी वीज नसताना जेमतेम सोळा-वीस मिलिसेकंद तग धरतो. जुन्या, स्वस्त एसएमपीएसमधले कपॅसिटर फुगलेले असले तर तेवढाही धरत नाही. म्हणून बटण यूपीएसवर हवे. ते उलटे ठेवलेले असल्यामुळे संगणक ‘आपोआप’ रीस्टार्ट होतो आणि दोष विंडोजला जातो.

स्वतंत्र यूपीएस असेल तर तो जिवंत आहे का ते पाहा. ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची शिशाची सीलबंद बॅटरी असते. तिचे आयुष्य सुमारे २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते, आणि त्यापुढे दर दहा अंशांना ते जवळपास निम्मे होते. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, टेबलाखाली ती दोन वर्षे टिकली तरी नशीब. हिरवा दिवा लागला म्हणून बॅटरी चांगली आहे असे समजू नये, तो दिवा फक्त लाईट आहे एवढेच सांगतो. महिन्यातून एकदा सगळे प्रोग्रॅम बंद करून भिंतीवरचे बटण बंद करावे आणि घड्याळ लावावे. एका संगणकावर आणि एका मॉनिटरवर आठ-दहा मिनिटे मिळायला हवीत. तीन मिनिटांच्या आत यूपीएस ओरडून बंद पडला तर बॅटरी बदला. यूपीएस नवा घ्यायची गरज नसते.

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. कागदावर शाई भाजणारा त्याचा रोलर तापताना क्षणभर पाचशे वॅटच्या वर वीज ओढतो आणि ६०० व्हीएचा यूपीएस तिथेच बसतो. बिल छापतानाच संगणक बंद पडतो अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा एवढेच असते. यूपीएसला यूएसबीची वायर असेल तर ती संगणकाला जोडावी आणि बॅटरी ३० टक्क्यांवर आली की संगणक आपोआप ‘हायबरनेट’ होईल असे विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ठरवावे. मुनीमजी जेवायला गेलेले असताना लाईट गेली तर तेवढेच कामाला येते.

व्होल्टेजचा प्रकार याहून वाईट. लघुदाबावर २३० व्होल्ट, वर-खाली सहा टक्के, असा नियम आहे. रब्बीत शेतीच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की तो खाली येतो आणि पहाटे चढतो. न्यूट्रल तुटला तर एखाद्या फेजवरच्या दुकानांत तीनशेच्या वर व्होल्ट घुसतात आणि एसएमपीएस उडतो. एसएमपीएस मरताना कधी डिस्कलाही धक्का देतो. अशा वेळी डिस्कच्या हिरव्या पाटीवरचे (सर्किट बोर्डावरचे) दोन बारके संरक्षक डायोड, एक ५ व्होल्टचा आणि एक १२ व्होल्टचा, शॉर्ट होऊन स्वतः बळी जातात. डिस्क मेल्यासारखी वाटते, फिरतसुद्धा नाही, पण आतला डेटा जसाच्या तसा असू शकतो. जाणकार कारागीर तो डायोड तपासून डेटा काढू शकतो, तेव्हा अशी डिस्क भंगारात देऊ नये. दुसऱ्या डिस्कची पाटी काढून हिला लावण्याचाही उद्योग करू नये. त्याच डिस्कच्या मापाची माहिती पाटीवरच्या एका चिपमध्ये असते, ती चिप हलवल्याशिवाय बहुतेक नव्या डिस्कना परकी पाटी चालत नाही.

मल्टिमीटर असेल तर दोन मापे जरूर घ्यावीत. एसएमपीएसच्या डिस्कला जाणाऱ्या चार तारांपैकी पिवळी आणि काळी यांत ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत, तांबडी आणि काळी यांत ४.७५ ते ५.२५. संगणक कामात असताना आकडा याबाहेर गेला तर डिस्क बदलून उपयोग नाही, आधी एसएमपीएस बदला. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वायरमनला बोलवा. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, काळी जमीन भेगाळली की पट्टीभोवतीची मातीच सुटते. त्यात मीठ-कोळसा आहे का ते पाहून एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोन बादल्या पाणी घालणे, एवढे काम आहे. तुळशीला रोज घालतो त्याहून कमीच.

उष्णतेबद्दल थोडक्यात. डेस्कटॉप डिस्कची मर्यादा बहुधा ६० अंश लिहिलेली असते, पण ती ४५च्या आत ठेवावी. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम उष्णता समजली जाते तितकी घातक नाही, पण तीन-चार वर्षांच्या जुन्या डिस्कला आणि फार वरच्या तापमानाला ती नडते, असे त्यात दिसले. आपली अडचण नेमकी तिथेच आहे: डिस्क जुनी, मे महिना, आणि सीपीयू पोत्यांच्या थप्पीला टेकवलेला. सोयाबीनचे फोलपट, हळदीची पूड, रुईचे तंतू पंख्यावर बसून वाट बुजवतात. सीपीयू जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा, पुढे १२० मिलिमीटरचा एक पंखा लावा. डिस्कच्या झाकणावर ‘हे छिद्र बंद करू नका’ असे लिहिलेले बारीक भोक असते. त्यावर वॉरंटीचे स्टिकर चिकटवणारे विक्रेतेही आहेत.

हादऱ्यांकडे तर कुणाचे लक्षच नसते. चाळणी आणि एलेव्हेटर चालतो त्याच भिंतीला कपाट ठोकून त्यात सर्व्हर ठेवू नये. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टमध्ये एका बँकेच्या डेटा सेंटरात आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी झाली. वायू सुटताना झालेल्या नुसत्या आवाजाने डिस्क खराब झाल्या आणि बँकेचे व्यवहार काही तास बंद पडले. ते नुसत्या आवाजाने झाले. दालमिलमध्ये तर आवाज आणि हादरा दोन्ही असतात.

आता तपासणी, जी फुकट आहे आणि पाच मिनिटांची आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उतरवून घ्या. डिस्क स्वतःची प्रकृती ‘स्मार्ट’ नावाच्या तक्त्यात लिहिते, तो यात दिसतो. आकडे सोळाच्या पद्धतीत (हेक्समध्ये) असतात, ते मेनूतल्या ‘रॉ व्हॅल्यूज’मध्ये जाऊन दहाच्या पद्धतीत करून घ्यावेत, नाहीतर घोटाळा होतो. मग डावीकडच्या क्रमांकांतले मोजकेच पाहायचे. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने राखीव जागेत हलवलेले भाग. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णय लटकलेले भाग. सी६ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले भाग. हे तिन्ही आकडे शून्य हवेत. सी५ शून्याच्या वर गेला की त्याच दिवशी डेटा बाहेर काढा. ०५ दोन-चारवर थांबून वर्ष काढू शकतो, पण दर आठवड्याला वाढत असेल तर ती डिस्क कामातून गेली असे समजा. सी७चा आकडा वाढत असेल तर डिस्क नव्हे, ती मदरबोर्डला जोडणारी सॅटा वायर बघा: सैल असेल किंवा गोदामात उंदराने कुरतडली असेल. ही वायर अगदी स्वस्तात मिळते, आणि तिच्यापायी चांगल्या डिस्क फेकल्या जातात. ०९ म्हणजे चाललेले एकूण तास. आणि सी० म्हणजे वीज तुटून सुई घाईने ओढली गेल्याची संख्या, काही कंपन्यांत तीत साधे बंद होणेही मोजले जाते. एनव्हीएमई एसएसडीत (तबकड्यांऐवजी चिपवर लिहिणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये) ‘अनसेफ शटडाउन्स’ असे सरळ लिहिलेले असते. साधे बंद होणे वगळूनही हा आकडा शेकड्यांत दिसला की यूपीएसची बॅटरी मेलेली आहे हे मालकाला वेगळे समजवावे लागत नाही.

पण तक्ता स्वच्छ म्हणजे डिस्क सुरक्षित, असे मानू नये. गूगलच्या त्याच अभ्यासात, गेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या तक्त्यात आधी कसलीच खूण नव्हती. खूण दिसली तर कृती करायची. खूण नाही म्हणून बॅकअप सोडायचा नाही.

खूण दिसल्यावर काय करू नये, हे जास्त महत्त्वाचे. पहिली हौस असते ती विंडोजमधला डिस्क-दुरुस्तीचा चेक-डिस्क चालवण्याची. आजारी डिस्कवर ते चालवणे म्हणजे ताप आलेल्या बैलाला नांगराला जुंपणे. ते सगळी डिस्क वाचते, दुरुस्ती म्हणून तिच्यावरच लिहिते आणि अर्धे फोल्डर तुकडे करून ठेवते. डीफ्रॅग, अँटिव्हायरसचे पूर्ण स्कॅन, विंडोज पुन्हा टाकणे, यांतले काहीही नको. आधी हिशेबाचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ते सहसा काहीशे एमबीचेच असते, फोटो आणि जुन्या फाइली नंतर. कॉपी अडखळत असेल तर संगणक बंद करून, लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची प्रतिमा (हुबेहूब नक्कल) तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी. पहिल्या फेरीत ते वाईट भाग ओलांडून चांगले उचलते आणि मग राहिलेल्यांकडे वळते. कुठवर वाचले याची मॅप फाइल ठेवली तर लाईट गेल्यावर जिथे थांबले तिथून पुढे चालू होते. डिस्क ‘टक-टक’ वाजू लागली तर यातलेही काही करायचे नाही. त्या क्षणी वीज काढा. सुई तबकडीला घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला डेटाची भुकटी होते. झाकण खोलून बघणे तर नकोच, त्याला धूळमुक्त खोली लागते.

एसएसडी घेतली की प्रश्न मिटला, असा नवा समज आहे. वेग वाढतो, हादऱ्याची भीती जाते, हे खरे. पण तिचे मरण वेगळे असते: कुरकुर न करता एका सकाळी संगणक तिला ओळखतच नाही. ती झिजून मरते असे लोक समजतात, त्याचे गणित करून पाहू. २५० जीबीच्या चांगल्या एसएसडीवर साधारण १५० टीबी लिहिण्याची हमी असते. दुकानात रोज २० जीबी लिहिले जाते असे भरपूर धरले तरी ७५०० दिवस, म्हणजे वीस वर्षे. तेव्हा आपल्याकडे झीज हे कारण क्वचितच. कारण असते तिच्या आतला नकाशा. कोणती फाइल कुठल्या कप्प्यात आहे हे सांगणारा तो तक्ता लिहिला जात असताना वीज गेली की नियंत्रक चिप गोंधळू शकते. महागड्या सर्व्हर एसएसडीत एवढे काम उरकण्यापुरती वीज धरून ठेवणारे कपॅसिटर असतात, दुकानात येणाऱ्या स्वस्त एसएसडीत नसतात. थोडक्यात, एसएसडी लावल्यावर यूपीएसची गरज कमी होत नाही, वाढते. शिवाय पुसलेल्या फाइली ती ‘ट्रिम’मुळे खरोखरच साफ करते, त्यामुळे चुकून डिलीट केलेले परत मिळण्याची आशा धरू नये. आणि बॅकअप घेऊन तिजोरीत ठेवायला एसएसडी वापरू नये. पूर्ण वापरलेल्या साध्या एसएसडीने वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष डेटा धरावा, एवढीच अपेक्षा उद्योगाच्या मानकात आहे. आपल्या उन्हाळ्यात तिजोरी ३० अंशांवर राहत नाही.

मोठ्या संस्थांत, पतसंस्थांत, बियाणे कंपन्यांत दोन किंवा चार डिस्कचा ‘रेड’, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवायची जोडणी, असतो आणि त्यालाच बॅकअप समजले जाते. मिररमध्ये, म्हणजे दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणाऱ्या रेडमध्ये, एकावर जे घडते ते दुसरीवर त्याच क्षणी घडते. चुकून पुसले तर दोन्हीकडून पुसले, रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) आले तर दोन्हीकडे कुलूप. मिरर फक्त एक डिस्क मेली तर काम चालू ठेवतो. तेही दोन्ही डिस्क एकाच खोक्यातल्या, एकाच तारखेच्या नसतील तर. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने आपल्या काही सर्व्हर एसएसडीबद्दल जाहीर केले की जुन्या फर्मवेअरमुळे (डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅममुळे) त्या बरोबर ३२,७६८ तासांनी, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी बंद पडतात आणि डेटा परत येत नाही. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात, मोजणी करणारी जागा तिथे भरून वाहते. पुढच्या मार्चमध्ये दुसऱ्या काही एसएसडीबाबत ४०,००० तासांचा तसाच इशारा आला. एका दिवशी बसवलेल्या चारही एसएसडी एका तासाला गेल्या तर रेड कुठल्या डिस्कवरून डेटा बांधणार? म्हणून मिररमधल्या डिस्क वेगवेगळ्या बॅचच्या घ्याव्यात आणि फर्मवेअरच्या सूचना वर्षातून दोनदा तरी कंपनीच्या संकेतस्थळावर पाहाव्यात.

चार मोठ्या डिस्कचा रेड-५ (एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून डेटा बांधणारी जोडणी) तर आता टाळावाच. साध्या डिस्कची वाचनातली चूक १०^१४ बिटांत एक, म्हणजे सुमारे साडेबारा टीबीत एक, इतपत असू शकते असे कंपन्याच लिहितात. ४ टीबीची एक डिस्क गेली की उरलेल्या तिन्हींचे १२ टीबी सलग वाचून नवी भरावी लागते. सीमारेषेवरचा खेळ झाला हा. शिवाय साधी डेस्कटॉप डिस्क वाईट भाग वाचायला मिनिटभरही झगडत बसते, आणि रेडचा कंट्रोलर ती मेली समजून बाहेर काढतो. नॅससाठीची (नेटवर्कवरच्या साठवणपेटीसाठीची) डिस्क सुमारे सात सेकंदांत हार मानते आणि काम पुढे जाते. ‘एसएमआर’ पद्धतीची डिस्कही रेडमध्ये नको. त्यात डेटाच्या ओळी मंगलोरी कौलांसारख्या एकावर एक चढलेल्या असतात, मधले एक बदलायचे तर पुढची रांग उचलावी लागते. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या ‘रेड’ (इथे लाल रंग या अर्थाचे नाव) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क या पद्धतीच्या असल्याचे उघड झाले, आधी ते सांगितलेले नव्हते. तेव्हा नुसते नाव न पाहता माहितीपत्रकात ‘सीएमआर’ (ओळी एकमेकींवर न चढवणारी पद्धत) लिहिले आहे का ते बघून घ्यावे.

खरेदीतली फसवणूकही वाढली आहे. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून उतरवलेल्या डिस्क पुसून ‘नवीन’ म्हणून येतात. घेतल्या घेतल्या ०९चा आकडा पाहा, नव्या डिस्कवर तो शून्य ते फार तर दोन-चार तास असावा. तोही शून्य करता येतो. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीत हजारो तास चाललेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे बाहेर आले. स्मार्टचा आकडा शून्य केलेला होता, पण त्या कंपनीच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची दुसरी नोंदवही असते, तीत खरे तास सापडले. सीसीटीव्हीसाठीची नवी डिस्कसुद्धा हिशेबाच्या संगणकात लावू नये. चित्रण न थांबवता पुढे जाणे तिला महत्त्वाचे, प्रत्येक बिट बरोबर वाचणे नव्हे. आणि स्वस्तात मिळणारा १ किंवा २ टीबीचा पेनड्राइव्ह बहुधा खोटाच असतो. एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने भरून तपासला की खरी जागा ३२ किंवा ६४ जीबी निघते, त्यापुढचे लिहिलेले सगळे हवेत जाते.

बॅकअपची पद्धत साध्या दुकानासाठी अशी ठेवता येते. बाहेरच्या दोन डिस्क, १ टीबीच्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, एनटीएफएसने फॉरमॅट केलेल्या. एक्सफॅट नको, लिहिताना वायर ओढली गेली की त्यात सावरायला नोंदवही नसते. एका डिस्कवर ‘सोम’, दुसरीवर ‘गुरु’ असे लिहावे. दुकान वाढवताना टॅलीच्या ‘बॅकअप’मधून तारखेच्या नावाच्या फोल्डरात बॅकअप, कालच्यावर आजचा लिहायचा नाही. काम झाले की डिस्क काढून ठेवायची, कारण लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरलाही लावूनच ठेवलेली असते. सोमवारी गुरुवारची डिस्क घरी जाते, गुरुवारी सोमवारची. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, जालना, लातूर भागात पाणी घराघरांत शिरले. मूळ डिस्क आणि बॅकअप एकाच टेबलाच्या खणात असतील तर दोन्ही एकदमच भिजतात. भिजलेली डिस्क उन्हात वाळवू नये, चालू करूनही पाहू नये. ओलसर ठेवूनच पिशवीत बंद करून डेटा काढणाऱ्याकडे द्यावी, आत गाळ वाळला की तबकडी खरवडते.

तिसरी प्रत ऑनलाइन. टॅलीचे उघडे फोल्डर गूगल ड्राइव्हला सिंक करू नका, चालू फाइल अर्धवट वर जाते. बंद केलेली बॅकअप फाइलच वर टाका. आणि विंडोज ११ असेल तर आणखी एक गोष्ट आजच बघा: डिस्क आपोआप बिटलॉकरने कुलूपबंद झालेली असू शकते. मदरबोर्ड जळाला तर डिस्क ठणठणीत असूनही ४८ अंकी किल्लीशिवाय उघडत नाही. ती किल्ली शोधून, छापून, वह्यांच्या कपाटात ठेवा.

बॅकअप घेतला हे पुरेसे नाही, तो उघडतो का ते पाहायला हवे. अनेक बाजार समित्यांत अमावास्येला सौदे बंद असतात, तो दिवस यासाठी चांगला. दुसऱ्या संगणकावर कालचा बॅकअप ‘रिस्टोअर’ करून शेवटचे बिल, रोखीची शिल्लक आणि एखाद्या शेतकऱ्याची पट्टी ताडून पाहावी. वीस मिनिटांचे काम आहे.

जीएसटीच्या पोर्टलवर बिले आहेतच, असे कुणी म्हणेल. पोर्टलवर बिल असते, उधारी नसते. उचल, हमाली, कडता, बारदाना तिथे सापडत नाही. शिवाय केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब आणि कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची जबाबदारी व्यापाऱ्याची आहे. नोंदणीकृत कंपनी असेल तर आठ वर्षे, आणि ऑगस्ट २०२२ मधल्या दुरुस्तीपासून भारतातल्या सर्व्हरवर रोजचा बॅकअपही बंधनकारक आहे. ‘डिस्क गेली’ हे उत्तर तपासणीत चालत नाही. वॉरंटीही इथे कामाची नाही. ती डिस्क बदलून देते, डेटा नाही. बदलून आलेली डिस्क बहुधा दुरुस्त केलेली असते, आणि आपली जुनी, हिशेबासकट, परक्याच्या हाती जाते.

बाजार समित्यांनी आणि व्यापारी असोसिएशनांनी हंगामाआधी यार्डातल्या संगणकांची एक फेरतपासणी ठेवली तर खर्च एका माणसाच्या दोन दिवसांच्या मजुरीचा आहे. तोवर ज्याने त्याने खंडेनवमीचा दिवस धरावा. त्या दिवशी काटा, चाळणी, ट्रॅक्टर पुसून पूजतात, संगणकालाही झेंडूची माळ पडते. सोयाबीनची खरी आवक त्यानंतर सुरू होते. माळ घालण्याआधी सीपीयू बाहेर नेऊन ब्लोअरने धूळ काढावी, पंखा बोटाने धरून, नाहीतर हवेच्या झोताने तो नको तितका गरगरतो. ०५, सी५, सी६ आणि ०९चे आकडे खडूने झाकणाच्या आत लिहावेत. यूपीएसची बॅटरी घड्याळ लावून तपासावी. पाच वर्षे झालेली डिस्क, आकडे स्वच्छ असले तरी, उतरवून तिच्या जागी नवी लावावी आणि उतरवलेली ‘जुनी, वर्ष अमुक’ असे लिहून कपाटात ठेवावी. हळद-कुंकू मॉनिटरच्या चौकटीला लावावे, सीपीयूच्या जाळीवर नको. आतला पंखा ते ओढून घेतो.

आपला,
संगणक देखभाल-दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक,
लातूर